शाळेच्या आरोग्याच्या तासाला 'मन' शिकवायचा कायदा, आणि आमच्या बॅचचे साडेतीन लाख

हडसनकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ राहते, मूळची सांगली जिल्ह्यातली. मुलगा सातवीत आहे. मागच्या महिन्यात त्याला हेल्थच्या तासाला एक कागद दिला होता घरी भरायला. तुला खूप वाईट वाटतंय, काही सुचत नाहीये, अशा वेळी तू ज्यांच्याशी बोलशील अशा तीन मोठ्या माणसांची नावं लिही. त्याने लिहिलं शाळेची काऊन्सेलर, पुण्याचा मामा आणि बँडचे सर. माझं नाव नाही, त्याच्या बाबांचं पण नाही. मी दोन दिवस काही बोललेच नाही, मग गाडीत विचारलं का रे बाळा, तर म्हणाला "आई, तू ऐकायच्या आधी काय करायचं ते सांगतेस." एवढंच. मला रडू आलं पण खरं सांगू, त्याला हे इतकं स्वच्छ सांगता आलं याचं नवलही वाटलं. मला त्याच्या वयात माझ्याच मनातलं काही सांगता येत नव्हतं.

मग शोधलं की हे शाळा आपल्या मनाने करतेय की काय, तर नाही, इथे तसा कायदाच आहे. न्यूयॉर्कच्या शिक्षण कायद्याच्या ८०४ कलमात दारू, तंबाखू, ड्रग्ज, कॅन्सर हे आधीपासून होतं. २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाली की आरोग्य शिक्षणात मानसिक आरोग्य आलंच पाहिजे, शरीर आणि मन यांचा संबंध शिकवलाच पाहिजे, पार बालवाडीपासून बारावीपर्यंत. मेंटल हेल्थ असोसिएशन इन न्यूयॉर्क स्टेट नावाची संस्था त्यासाठी कित्येक वर्षं मागे लागली होती. गंमत म्हणजे कायद्याने पुस्तक, धडे, तास काहीच ठरवून दिलेलं नाही, ते सगळं शाळांवर सोडलंय.

आता मूळ मुद्दा. आमच्या २००१ च्या दहावीच्या बॅचला २५ वर्षं होतायत म्हणून ग्रुपवर वर्गणी काढली, साडेतीन लाख जमलेत. बाकीच्यांना शाळेला कमान बांधायचीय नाहीतर स्मार्ट बोर्ड द्यायचाय. मी म्हटलं या पैशात शाळेत काऊन्सेलर नेमू. ग्रुपवर शांतता. मग एकाने लिहिलं की आपल्या गावातली पोरं धडधाकट आहेत, अमेरिकेतली खुळं इकडे नकोत.

माझ्या डोळ्यासमोर मात्र आमच्याच वर्गातली एक मुलगी येते. नववीत पहिल्या पाचात होती, मग हळूहळू बोलायची थांबली, डबा खायची नाही, मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची. बाई म्हणायच्या नाटकं करते. घरच्यांनी देवऋषी केला, अंगारे धुपारे झाले. आणि आम्ही मुली, आम्ही तिला "येरवड्याला जायचंय का" म्हणून चिडवायचो. मी पण. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही आणि पुढच्या वर्षी लग्न लावून दिलं. तिला काय होत होतं ते आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, बाईंनाही नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं. कमानीवर आमच्या बॅचचं नाव कोरायचं म्हणतात तेव्हा मला तीच आठवते.

तर मला इथल्या लोकांकडून हवंय की (१) तुमच्याकडे शाळेत हे शिकवतात का आणि त्याने मुलांना काही फरक पडतो का, (२) गावच्या शाळेत असलं काही चालेल का, चाललं तर कसं. ग्रुपवर पुढच्या रविवारी कॉल आहे.

रिचमंडकर

ताई, व्हर्जिनियात पण आहे, आणि योगायोग म्हणजे तारीखही तीच, १ जुलै २०१८. पण आमच्याकडे फक्त नववी आणि दहावीला. थोरलीचं होऊन गेलं, धाकटा आता नववीत आलाय.

इथल्या कायद्यामागची हकिकत फार जड आहे. क्री डीड्स म्हणून इथले स्टेट सिनेटर. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या २४ वर्षांच्या मुलाला, गसला, इमर्जन्सीत तपासणीला नेलं होतं, पण कायद्याने दिलेल्या सहा तासांत कुठे मानसोपचाराची खाट मिळाली नाही आणि त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वडलांवरच चाकूने हल्ला केला आणि नंतर स्वतःचा जीव घेतला. डीड्स वाचले. चेहऱ्यावर व्रण घेऊन ते सिनेटमध्ये परत आले आणि आधी खाटांचा कायदा बदलून घेतला, नंतर हा शाळेचा. शाळेच्या कायद्याला शाळकरी पोरांचा आग्रह होता, त्या पोरांनीच ते बिल डीड्स यांच्याकडे नेलं.

मी हे का लिहितोय तर तुमच्या ग्रुपवरचे लोक म्हणतात ना अमेरिकेतली खुळं, तर हे कुणा पैसेवाल्याच्या डोक्यात आलेलं खूळ नाही, पोरगा गेलेल्या बापाने केलेलं काम आहे. आणि घरी मुलगा हाताबाहेर गेला, रात्रभर जागलो, सकाळी कुठे न्यायचं कळेना, हे सांगलीत होत नाही का?

कोरांटी

अनुमोदन. वाचतेय.

सई_जर्सी

मी इथे नवीन आहे, मराठी टाईप करायला वेळ लागतो, चुका असतील तर सॉरी. मी न्यू जर्सीत वाढले, आता कॉलेजला आहे. आमच्या राज्यात २०१९ ला कायदा झाला तेव्हा मी हायस्कूलमध्ये होते. खरं सांगायचं तर क्लास बोअरिंग होता, स्लाइड्स होत्या, बऱ्याच मुलांनी फोन बघत काढला. पण एक स्लाइड मला अजून आठवते, त्यावर पॅनिक अटॅकमध्ये शरीराला काय काय होतं ते होतं, छाती, हात, श्वास. मला ते दोन वर्षं होत होतं आणि मला वाटायचं माझं हार्ट खराब आहे आणि मी मरणार आहे. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं.

आणि प्रॉब्लेम इथे आला. माझ्याकडे सगळे शब्द इंग्लिशमधले होते. आईने विचारलं म्हणजे टेन्शन का? मी म्हटलं नाही टेन्शन नाही. मला मराठीत काय म्हणायचं तेच कळेना, आम्ही दोघी किचनमध्ये उभ्या होतो आणि मी नुसते हात हलवत होते. तेव्हा आजी आली होती चिपळूणहून, ती बाजूला भाजी निवडत होती, ती म्हणाली "अगो, जीव घाबराघुबरा होतो का तुझा? काहूर माजतं का मनात?" आणि मला ते बरोबर तेच होतं! आजीला माहीत होतं!! तिला स्वतःला पण व्हायचं म्हणे, आजोबा गेल्यावर. तिने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं जर तिकडे शाळेत शिकवणार असाल तर इंग्लिश शब्द देऊ नका प्लीज. आजीचे शब्द द्या.

हडसनकाठ

सई, अगं कसल्या चुका. तुझी पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. काहूर शब्द मी किती वर्षांत ऐकला नव्हता.

दोनशिक्षकी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, साताऱ्याच्या दुष्काळी भागात. आयडीवरून कळलंच असेल, आम्ही दोघं आणि पाच वर्ग. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

कायदा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कायदा म्हणजे जीआर, जीआर म्हणजे प्रशिक्षण, प्रशिक्षण म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ बघा, प्रमाणपत्र डाउनलोड करा, वर्गात तास घेतल्याचा फोटो ग्रुपवर टाका. हे आधीच आहे हो! आयुष्मान भारतमधला शाळा आरोग्य कार्यक्रम २०२० पासून आहे, त्यात ११ विषय आहेत आणि त्यातला एक भावनिक आणि मानसिक आरोग्यच आहे. शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत करायचे आणि आठवड्याला तास घ्यायचा. कागदावर सगळं उत्तम आहे, पुस्तिकाही चांगली आहे, मी वाचलीय. पण पोषण आहाराची नोंद, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, शिष्यवृत्तीची तयारी, त्यातून तो तास उरतो तेव्हा माझ्यातच जीव उरलेला नसतो.

आणि दुसरं. समजा मी शिकवलं, आणि एखाद्या पोराने येऊन सांगितलं की गुरुजी, बाप रोज पिऊन आईला मारतो, मला झोप लागत नाही. पुढे मी काय करू? बाप गावातलाच, संध्याकाळी पारावर भेटणार. माझी बदली व्हायला वेळ लागत नाही. पोराला बोलतं करायचं आणि मग आपल्याकडे त्याला द्यायला काही नाही, याच्यासारखं पाप नाही. मी तुमच्या विरोधात नाही ताई, पण काऊन्सेलर आधी आणि धडा नंतर, असं माझं म्हणणं.

सई यांचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. आमची पोरं कधीच भीती वाटते म्हणत नाहीत, पोटात दुखतं म्हणतात. सोमवारी आणि परीक्षेच्या दिवशी पोटात दुखणारी पोरं मोजली तर अर्धी शाळा भरेल. मी आता पोट दुखतंय म्हटलं की गोळी देत नाही, बाजूला बसवून घेतो थोडा वेळ.

बापमाणूस

मला वेगळीच शंका आहे. माझी मुलगी पुण्यात नववीत आहे, शाळेत काऊन्सेलर आहेत. एकदा बोलावून घेतलं आणि सांगितलं की मुलीला एंग्झायटी आहे, तसं फाइलमध्ये लिहिलंय. दोनदा बोलल्यावर असं लिहून मोकळं व्हायचं? पुढे ती फाइल कोण बघणार, बाकीच्या शिक्षकांना माहीत झालं, वर्गात मुलींना कळलं, मुलगी आठवडाभर शाळेत जाईना. मी जुन्या विचाराचा नाही, गरज पडली तर मीच डॉक्टरकडे नेईन. पण शाळेने शिकवावं की शाळेने शिक्का मारावा, यातला फरक कायद्यात कुठे लिहिलाय? ते आधी दाखवा मग मी सही करतो.

निशिगंध_पुणे

बापमाणूस, तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते चुकीचं झालं, अगदी साफ चुकीचं. मी स्वतः शाळांमध्ये समुपदेशनाचं काम १४ वर्षं करतेय. मुलाने सांगितलेलं जिवाला धोका असल्याशिवाय खोलीबाहेर जाता कामा नये, आणि निदान करणं हे शाळेतल्या समुपदेशकाचं काम नाहीच. तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी विचारा की ही नोंद कुणाकुणाला दिसते. नक्की विचारा, सोडू नका.

शिकवणं आणि शिक्का मारणं, हा फरक न्यूयॉर्कने बऱ्यापैकी जपलाय असं माझं मत आहे. तिथल्या शिक्षण खात्याच्या आराखड्यात आजारांची यादी पाठ करून घेणं नाहीये, स्वतःला सांभाळणं, नाती, आणि मदत कुठे मिळते ते शोधणं, यावर भर आहे. हडसनकाठ यांच्या मुलाचा तीन नावांचा कागद त्यातलाच दिसतोय. कॅलिफोर्नियाच्या २०२१ च्या कायद्यात तर संस्कृतीचा मानसिक त्रासावर आणि उपचारावर काय परिणाम होतो हे शिकवायचं असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे सईच्या घरच्या किचनमधला प्रसंग वर्गात यायला हवा असं त्या कायद्याचंच म्हणणं आहे. अर्थात ज्या शाळेत हेल्थचा विषय आहे तिथेच तो लागू, हा त्याचा मोठा दोष.

आता दोनशिक्षकी गुरुजींच्या मुद्द्यावर. गुरुजी, तुम्ही अनुभवावरून जे लिहिलंत ते संशोधनातून निघालेलं आहे. गोव्याच्या संगाथ या संस्थेने बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांमध्ये सेहेर नावाचा प्रयोग केला, २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही शाळांमध्ये कार्यक्रम शिक्षकांनी राबवला, काहींमध्ये त्याच कामासाठी नेमलेल्या समुपदेशकाने, आणि काही शाळा तुलनेसाठी नुसत्या ठेवल्या. कार्यक्रम तोच. समुपदेशक होता तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, नैराश्य कमी झालं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांनी राबवला तिथे तुलनेच्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही! शिक्षक वाईट होते म्हणून नाही, शिक्षकाला आधीच दहा कामं असतात आणि तोच मार्क देणारा, तोच छडी घेणारा, त्याला पोरं कशी सांगतील.

आणि हे समुपदेशक कुणी मोठ्या पदव्यांचे डॉक्टर नव्हते, साधी, प्रशिक्षण दिलेली माणसं होती. करायचे काय तर परिपाठाच्या वेळी बोलायचे, भित्तिपत्रक काढायचे, आणि शाळेत एक पेटी लावलेली असायची, तिच्यात मुलांनी मनातलं लिहून टाकायचं, नाव घालायची सक्ती नाही. ज्याला भेटायचंय तो भेटायचा.

म्हणून माझं मत आहे की नुसता "शिकवा" म्हणणारा कायदा अर्धा आहे, ऐकणारा माणूस कोण आणि त्याचा पगार कुठून, हे ज्या कायद्यात नाही तो गुरुजींच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवेल, बस.

रिचमंडकर

हे फार महत्त्वाचं आहे. फ्लोरिडात २०१९ ला शिक्षण मंडळाने नियम केला सहावी ते बारावी वर्षाला किमान ५ तास, पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर. पाच तास मोजायला सोपे. पण तो तास संपल्यावर पोरगं कुणाच्या दाराशी जाणार हा प्रश्न राहतोच. इथे स्कूल काऊन्सेलरच्या संघटनेचं म्हणणं २५० मुलांमागे एक असावा.

हडसनकाठ

निशिगंध, एक विचारायचं होतं, आपल्याकडे कायद्याने हे कुठे आहे का? म्हणजे मला ग्रुपवर सांगता येईल.

निशिगंध_पुणे

आहे, आणि ग्रुपवर जरूर सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २९ व्या कलमाने मानसिक आरोग्य वाढवायचे आणि आत्महत्या रोखायचे कार्यक्रम आखणं ही सरकारची जबाबदारी केलीय. आणि २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सुकदेब साहा खटल्यात, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणारी १७ वर्षांची मुलगी गेली त्या प्रकरणात, सगळ्या देशासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ नाहीतर सोशल वर्कर नेमायचा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचं. सगळ्या कर्मचाऱ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ ठळक लावायचा. आणि कोर्टाने म्हटलंय की योग्य तो कायदा होईपर्यंत हे बंधनकारक. म्हणजे कायदा व्हायचाय, त्याची जागा रिकामी आहे, आणि शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत असल्यामुळे महाराष्ट्र विधिमंडळाला तो करता येतो, केंद्राची वाट बघायची गरज नाही.

गरज आहे का असं कुणी विचारलं तर एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, २०२२ चा आकडा सांगा. देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या, त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, १,७६४. मी हा आकडा पालकसभेत वाचते तेव्हा दरवेळी थांबते मध्येच.

दोनशिक्षकी

आमची पटसंख्या ४१. म्हणजे आम्ही "बाहेरच्याशी जोडून घ्या" मध्ये. चालेल, पण जोडायचं कुणाशी ते तालुक्यात कुणी सांगत नाही. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, मीच गेल्या वर्षी शोधून काढलं, एका सातवीच्या मुलीसाठी. आमचं रुग्णालय २२ किलोमीटर, एसटी दिवसातून दोन. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, अर्धा तास बोलल्या तिच्याशी. येताना पोरीने गाडीवर मागून विचारलं "गुरुजी, मॅडम परत कधी भेटतील?" मी म्हटलं बघू. अजून बघतोच आहे.

कायदा करायचाच तर हे लिहा त्यात, की तालुक्याला पाच माणसं नेमा आणि प्रत्येक शाळेत त्यांचा वार ठरवून द्या. आरोग्यसेविका ठरल्या दिवशी येते ना, तसं. वार ठरला की पोरं वाट बघतात.

कोरांटी

गुरुजी 🙏 वार ठरवून द्या, हे एकच वाक्य आमदारांना पाठवलं पाहिजे.

बापमाणूस

निशिगंध मॅडम, तुमच्या सांगण्यावरून शाळेला लेखी विचारलं. त्यांनी नोंद बंद पाकिटात ठेवल्याचं आणि इतर शिक्षकांना दिसणार नसल्याचं लिहून दिलं, दिलगिरीही व्यक्त केली. मुलगी आता जाते. तीच म्हणाली बाबा, त्या मॅडम तशा वाईट नाहीत, त्यांच्याकडे ६०० मुलं आहेत. माझा कायद्याला पाठिंबा, फक्त मुलांचं सांगितलेलं गुप्त राहील हे कलम त्यात पाहिजेच.

हडसनकाठ

मंडळी, अपडेट. रविवारचा कॉल दोन तास चालला. मी सुप्रीम कोर्टाचं, सेहेरचं, सगळं सांगितलं, थोडे जण ऐकत होते, बाकीचे म्यूटवर. मग मी त्या मुलीचं नाव घेतलं, आमच्या वर्गातल्या. म्हटलं आपण सगळे तिला चिडवायचो, आठवतंय का. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ज्याने खुळं म्हणून लिहिलं होतं ना, तोच बोलला. त्याचा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला, आम्हाला सगळ्यांना अपघात सांगितला होता. तो अपघात नव्हता. कॉलवर इतकंच म्हणाला आणि कॅमेरा बंद केला.

कमान रद्द झाली. निशिगंध यांच्याशी मी वेगळं बोलले, त्यांच्या ओळखीची एक एम.ए. सायकॉलॉजी झालेली मुलगी मिरजेहून यायला तयार आहे, आठवड्यातून दोन दिवस, साडेतीन लाखात दोन वर्षं निघतात असा हिशेब बसतोय. मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाच्या मागची खोली देऊ केलीय, मी म्हटलं ग्रंथालयातूनच दार असू दे, म्हणजे तिकडे कोण गेलं ते कुणाला कळणार नाही. पेटी गावातलाच सुतार करतोय, आमच्याच बॅचचा, लाकडाचे पैसे नको म्हणाला. वार ठरवलेत गुरुजी, मंगळवार आणि शुक्रवार, जूनपासून. भित्तिपत्रकाच्या पहिल्या अंकासाठी सईच्या आजीकडून शब्द मागवलेत.

आणि आमदारांना द्यायचं पत्र लिहायला घेतलंय, त्यात गुरुजींची तालुक्याला पाच माणसं, बापमाणूस यांचं गुप्ततेचं कलम दोन्ही घातलंय. मसुदा उद्या इथे टाकते, ज्यांना कायद्याची भाषा येते त्यांनी सुधारून द्या.

सई_जर्सी

आजीने फोनवर सांगितले, मी लिहून घेतले: काहूर, घालमेल, हुरहूर, जीव घाबराघुबरा, मन थाऱ्यावर नाही, कशात जीव लागत नाही, उगाच भरून येतं. ती म्हणाली अजून आठवतील तसे सांगते, वही घेऊन बसलीय.

दोनशिक्षकी

ताई, पेटीचं माप टाका इथे. आमच्याकडे पण करून घेतो.